दह्यातले बॅक्टेरिया दुसऱ्यांना मारतात म्हणजे नक्की काय करतात?

प्रश्न : ताई, एप्रिल-मेच्या उकाड्यात सकाळी तापवलेलं दूध ओट्यावर राहिलं की संध्याकाळपर्यंत नासतं. पण त्याच दुधाला विरजण लावलं तर दही दुसऱ्या दिवशीपण खाता येतं, फार तर आंबट होतं. माझा मुलगा बारावीला आहे, तो म्हणतो दह्यातले बॅक्टेरिया बाकीच्यांना मारतात. कसे मारतात? आणि मग ते स्वतः का मरत नाहीत?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : मुलगा बरोबर बोलतोय. त्यातला मोठा वाटा आंबटपणाचा आहे हे आधी सांगते, दह्यातले जंतू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक ॲसिड करतात आणि त्या आंबटात नासवणाऱ्या बऱ्याच जंतूंना वाढताच येत नाही. पण यातल्या काही जंतूंकडे अजून एक हत्यार असतं, आणि मला विचाराल तर खरी गंमत तिथेच आहे. ते छोटी छोटी प्रोटीन्स बनवून बाहेर सोडतात, त्यांना बॅक्टेरिओसिन म्हणतात, आणि त्यातलं सगळ्यात जास्त अभ्यासलेलं म्हणजे नायसिन. लॅक्टोकॉकस लॅक्टिस नावाचा दुधातला जंतू ते बनवतो, म्हणजे त्याच्या सगळ्या जाती नाही, फक्त काही जाती. त्यामुळे तुमच्या घरच्या दह्यात नायसिन असेलच असं नाही.

१९२८ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा दिसलं की दुधातला हा जंतू लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकसची वाढ थांबवतो, आणि हा बल्गेरिकस म्हणजे स्वतःच दही लावणारा! सरळ भाऊबंदकी. बरीचशी बॅक्टेरिओसिन्स अशी जवळच्या नातलगांवरच चालतात कारण त्याच दुधावर, त्याच साखरेवर दोघांचा डोळा असतो. नायसिन मात्र जरा लांबच्यांनाही सोडत नाही, लिस्टेरिया, स्टॅफ, क्लॉस्ट्रिडियम वगैरे माणसाला आजारी पाडणारे जंतू.

आता मारतात कसं. गंगापूर रोडला एखाद्या बिल्डिंगचं काम बघितलं असेल ना, खाली माल कालवतात, घमेल्यात भरतात, वर गवंड्याकडे नेतात, रिकामं घमेलं परत खाली. बॅक्टेरियाची भिंतही साधारण तशीच बांधली जाते, विटा आत तयार होतात आणि पातळ पडद्यातून एका चरबीच्या रेणूवर बसून बाहेर जातात, विटेसकट त्या भरल्या घमेल्याला लिपिड टू म्हणतात. नायसिन फक्त ३४ अमिनो ॲसिड्सचं (म्हणजे प्रोटीनच्या माळेतले मणी), त्यात पाच कड्या असतात, आणि पहिल्या दोन कड्यांनी ते या लिपिड टूचा फॉस्फेटवाला भाग गच्च धरतं. घमेलंच अडवलं म्हणजे बांधकाम बंद. पण तेवढ्यावर थांबत नाही, मग त्याचं शेपूट वळून पडद्यात घुसतं, अशी आठ नायसिन आणि चार लिपिड टू मिळून एक भोक तयार होतं, साधारण २ नॅनोमीटरचं, आणि त्यातून आतले क्षार, अमिनो ॲसिड्स, एटीपी म्हणजे पेशीचं इंधन, सगळं बाहेर गळायला लागतं, काही मिनिटांत खेळ खलास. भिंतही अडली आणि पडदाही फुटला, एकाच रेणूने दोन्ही कामं केली म्हणून ते इतक्या कमी प्रमाणात चालतं.

स्वतः का मरत नाही याचं उत्तर मला फार आवडतं. आत नायसिन तयार होतं तेव्हा ते ५७ अमिनो ॲसिड्सचं असतं, पुढचा २३चा तुकडा म्हणजे म्यान समजा, तो असेपर्यंत ते कुणाला मारत नाही. पेशीतून बाहेर पडल्यावर एक एन्झाइम तो तुकडा कापतं आणि तेव्हा तलवार मोकळी. तरी उलटून अंगावर आलंच तर पडद्यावर एक प्रोटीन त्याला तिथेच अडवतं आणि शिवाय एक पंप पडद्यात शिरलेलं नायसिन बाहेर फेकत राहतो.

खराब पाण्यातून पोटात जाणाऱ्या ई. कोलाय आणि साल्मोनेला या जंतूंना मात्र बाहेरून अजून एक पडदा असतो, नायसिनला तो ओलांडून लिपिड टूपर्यंत पोचता येत नाही. म्हणून मिसळीवरचं दही खाल्लं म्हणजे खराब पाण्याचं काही होणार नाही असं कृपया समजू नका.

प्रश्न : मग घसा धरला की अँटिबायोटिकऐवजी दही चालेल का?
– सिडकोतून एक आजोबा

उत्तर : नाही आजोबा, डॉक्टरांचा कोर्स पूर्ण करा. नायसिन हे प्रोटीन आहे, पोटातून पुढे आतड्यात गेलं की डाळीतल्या प्रोटीनसारखंच पचून जातं, ते घशातल्या किंवा रक्तातल्या जंतूपर्यंत पोचत नाही. पचतं म्हणूनच तर खाण्यात ते चालतं, १९५० नंतरच्या काळात इंग्लंडमध्ये ते विकायला सुरुवात झाली, १९६९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञ समितीने ते खाद्यपदार्थांत सुरक्षित मानलं, अमेरिकेत १९८८ मध्ये परवानगी मिळाली. चीजच्या पाकिटावर २३४ नंबर दिसला तर तेच ते.

प्रश्न : मिरचीच्या देठाने दही लागतं ते खरं का?
– इंदिरानगरहून एक काकू

उत्तर : लागतं. देठावर लॅक्टिक ॲसिड करणारे जंतू असतात, कोमट दुधात ते वाढतात. पण पहिलं दही कधी तार धरतं, कधी चव विचित्र येते, कारण देठावर अजून कोणकोण बसलेलं असतं ते माहीत नसतं. त्याच दह्याचं विरजण घेऊन दोन-तीनदा लावा, मग घट्ट कवडी पडायला लागते.