पीसीमधला रायझन ५ ३६०० प्रोसेसर काढून ५८००एक्स३डी बसवतोय. जुनाच कूलर चालेल का, की लिक्विड कूलर (पाण्यासारख्या द्रवाने थंड करणारा) घ्यावा?

जुना कूलर नको, पण लिक्विडचीही गरज नाही. १२० मिमी पंख्याचा चांगला टॉवर एअर कूलर पुरेल. ३६०० सोबत आलेला छोटा कूलर ६५ वॉटच्या प्रोसेसरसाठी आहे, ५८००एक्स३डीचा टीडीपी (कूलरने किती उष्णता काढावी लागेल त्याचा अंदाज) १०५ वॉट आहे आणि त्याच्या खोक्यात कूलर येतच नाही. शिवाय यात प्रोसेसरच्या चिपवर कॅशेचा (आतल्या वेगवान मेमरीचा) जादा थर रचलेला असल्याने उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणून महागड्या कूलरखालीही तो गरमच दिसतो. कमाल मर्यादा ९० अंश आहे, ८० पाहून घाबरू नका.

कूलरपेक्षा जास्त घोळ बसवताना होतो:

- बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) आधी, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अपडेट करा.
- पीसी दहा मिनिटं चालवून बंद करा, प्लग काढा, मग कूलर हलकेच फिरवत सोडवा. सरळ ओढलात तर कूलर आणि प्रोसेसरमधल्या वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे एएम४ सॉकेटचा (या दोन्ही प्रोसेसरांचा) प्रोसेसर लॉक असूनही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

एकच अट: टॉवर कूलर बहुधा १५५-१६० मिमी उंच असतो. कॅबिनेट अरुंद असेल तर आधी मोजा. तिथे मात्र लिक्विडचा विचार रास्त आहे.