नव्वद अंशांच्या पुढे अडलेली मुलगी

सोलापूरची गड्ड्याची जत्रा उरकली की डिप्लोमाच्या पहिल्या सत्राच्या निकालांचे दिवस येतात आणि माझ्याकडे पालकांची ये-जा वाढते. प्रश्न ठरलेला असतो. दहावीला गणितात एवढे चांगले मार्क होते, मग इथे गणितातच कशी उडाली? त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न: लाइन बदलू का?

ही मुलगी इलेक्ट्रिकलची. नाव देत नाही, ओळखीच्या खुणाही थोड्या बदलल्या आहेत. घरी तेलुगू, शाळा मराठी, कॉलेज इंग्रजी. सोलापूरच्या पूर्व भागात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. वडील टॉवेलच्या कारखान्यात, आई विड्या वळणारी. खुर्चीत बसायच्या आधीच वडील म्हणाले, “मॅडम, हिला गणित जमंना झालंय. बी.कॉम.ला घालू का सांगा. उगं वर्ष कशाला घालवायचं?” मुलगी मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत होती.

घरच्यांनी सगळं खापर इंग्रजीवर फोडलं होतं. मला ते पटलं नाही. वहीतले इंग्रजी प्रश्न ती मला मराठीत नीट समजावून सांगत होती. मग अडत होतं कुठे?

अशा वेळी मी एक साधी गोष्ट करते. घड्याळ बाजूला ठेवून, माझ्यासमोर, चुकलेलीच गणितं पुन्हा सोडवायला देते. मूल दर वेळी वेगळ्या जागी गडबडलं, हात थांबला, घाम फुटला, तर भीतीवर काम करायचं. दर वेळी एकाच पायरीशी अडलं, तर भीती नंतर आलेली असते, आधी काहीतरी शिकायचं राहिलेलं असतं. ही दुसऱ्या प्रकारातली निघाली. ३०, ४५, ६० अंशांची गणितं तिने सरसर सोडवली. कोन ९० च्या पुढे गेला की पेन थांबायचं.

“साइन १५० काढताना मनात काय येतं?” मी विचारलं.

बराच वेळ गप्प बसली. मग हळूच म्हणाली, “मॅडम, काटकोन त्रिकोणात १५० चा कोन बसतोच कुठं? दोन कोन मिळूनच २४० झाले की.”

किती रास्त शंका! आणि ही शंका तिने अख्खं सत्र कुणाला विचारली नव्हती, कारण वर्गात बाकी सगळे सूत्र उतरवून घेत होते. ते सगळं कळून उतरवत होते, असं तिला वाटलं. (मला तसं वाटत नाही.)

दहावीत साइन म्हणजे समोरची बाजू भागिले कर्ण. त्रिकोण संपला की साइन संपला. डिप्लोमात, किंवा अकरावी सायन्सला, तोच साइन वर्तुळावर जातो. १ त्रिज्येचं वर्तुळ, मध्यापासून फिरणारी एक रेघ, आणि तिच्या टोकाची आडव्या अक्षापासूनची उंची म्हणजे साइन. मध्यापासून आडवं अंतर म्हणजे कोसाइन. रेघ कितीही फिरू दे, उंची मोजता येतेच; अक्षाच्या खाली गेली तर वजा. बदल एवढाच, पण अर्थच बदलतो, आणि पोर्शन संपवायच्या घाईत तो दोन वाक्यांत उरकला जातो. पुढची सूत्रांची रांग मग नुसती घोकायची उरते.

मी काही गणिताची शिक्षिका नाही. आमच्या एका गणिताच्या सरांना सांगून तिला आलेखाच्या कागदावर १० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायला लावलं. ३० अंशांवर उंची मोजली: ५ सेंटिमीटर. ६० वर साधारण ८.७. १५० वर पुन्हा ५. “मग साइन १५० म्हणजे अर्धा,” तिचं तीच म्हणाली. २१० ला पट्टी अक्षाखाली गेली, तेव्हा वजा कुठून येतो हे विचारावं लागलं नाही.

तिच्या मनात आणखी एक गाठ होती. परीक्षेत कॅल्क्युलेटरवर साइन ३० दाबलं तर उणे ०.९८८ आलं. जे एकच उत्तर पक्कं पाठ होतं तेच चुकलं म्हटल्यावर पुढचा पेपर तिने जवळजवळ सोडूनच दिला. यंत्र अंशांऐवजी रेडियनवर, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या मापावर होतं, बस. पूर्ण फेरा ३६० अंश म्हणा किंवा २π (पाय) रेडियन म्हणा, १ रेडियन सुमारे ५७.३ अंशांचा. एक बटण, पण त्यावरून मुलगी स्वतःला मठ्ठ ठरवून बसली होती.

वडील पुढच्या खेपेला आले तेव्हा त्यांचा खरा प्रश्न बाहेर पडला: याचा उपयोग तरी काय? मी त्यांनाच विचारलं, “अण्णा, एक फेज गेली की मागाची मोटर काय करते?” “नुसती गुरगुरते, उठत नाही,” ते लगेच म्हणाले. थ्री फेज वीज म्हणजे एकमेकांपासून १२० अंश सरकलेले तीन साइन, हे पोरीने त्यांना आपल्याच कागदावर दाखवलं. ३० अंशांना ५ वर, १५० ला ५ वर, २७० ला १० खाली. बेरीज शून्य. तिन्ही फेजवर सारखा भार असला की न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, करंट का जात नाही, ते याच बेरजेत आहे. वडिलांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि बी.कॉम.चा विषय त्या दिवशी काढला नाही.

लाइन कधीच बदलू नये, असं मात्र मी सांगत नाही. गणित येत असूनही वर्कशॉपच्या दारात ज्याचा जीव गुदमरतो, अशा मुलाला मी स्वतःहून दुसरी वाट सुचवली आहे. पण एका विषयाच्या पहिल्या निकालावर ते ठरवू नका. नापास झालेला पेपर घेऊन मुलाजवळ बसा आणि तो कोणत्या पायरीवर थांबतो ते बघा. तुम्हाला त्रिकोणमिती आली नाही तरी पेन कुठे थांबलं ते दिसतं. व्हिडिओ बघून कळल्यासारखं वाटतं. वही बंद करून तेच गणित स्वतः सोडवता आलं तरच कळलं समजा.

ती पुढच्या परीक्षेत सुटली. मार्क बेताचेच. सूत्रंही ती आता कमी पाठ करते. साइन (अ + ब) मध्ये ब च्या जागी अ घातला की साइन २अ चं सूत्र आपोआप मिळतं, हे कळल्यापासून अर्धी यादी तिने खोडून टाकली. कोसाइन (अ + ब) मध्ये अधिक की वजा, इथे अजून घोटाळा होतो. मग कोपऱ्यात अ ला ६० आणि ब ला ३० घालून बघते. कोसाइन ९० शून्य यायला हवा, आणि वजा घेतलं तरच तो येतो.