आधी किनारा, मग हॉटेल
वाचकांचे प्रश्न : कॅरिबियन बेटांवरची ऐषारामी सुट्टी

कॅरिबियनच्या महागड्या सुट्टीबद्दल आलेल्या पत्रांपैकी हे निवडक प्रश्न. बहुतेकांनी हॉटेल जवळपास पक्कं करून मगच आम्हाला विचारलं आहे. उलट क्रमाने विचारलं असतं, तर काहींचे पैसे वाचले असते.

प्रश्न : लग्नाचा पंचविसावा वाढदिवस फेब्रुवारीत आहे. हातात दहा रात्री आहेत. बार्बेडोस, सेंट लुशिया आणि सेंट बार्ट्स अशी तीन बेटं करावीत का?

उत्तर : दोनच करा. नकाशावर ही बेटं हाकेच्या अंतरावर दिसतात, पण एका बेटावरून दुसऱ्यावर जायला किमान अर्धा दिवस मोडतो. बार्बेडोसहून सेंट लुशियाला जाणारं विमान हवेत जेमतेम पाऊण तास असतं. बाकीचा वेळ खोली सोडणं, विमानतळावरची रांग, पुन्हा इमिग्रेशन आणि डोंगरातला वळणाचा रस्ता यात जातो. सेंट बार्ट्स तर वेगळ्याच वाटेवर आहे. बहुतेक लोक आधी सेंट मार्टिनला उतरतात आणि तिथून छोट्या विमानाने दहा-पंधरा मिनिटांत पोचतात. सेंट बार्ट्सची धावपट्टी साधारण ६५० मीटरची आहे आणि रात्री उतरायची सोय नाही. सेंट मार्टिनला संध्याकाळी पोचलात, तर मुक्काम तिथेच पडतो आणि सेंट बार्ट्सच्या त्या रात्रीच्या खोलीचं भाडं पाण्यात जातं. फेरीबोट आहे, पण फेब्रुवारीत वाऱ्याला जोर असतो. बोट लागणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

पाच रात्री सेंट लुशिया आणि पाच बार्बेडोस अशी वाटणी करा, आणि याच क्रमाने. परतीची लांब पल्ल्याची विमानं बार्बेडोसहून जास्त मिळतात, त्यामुळे छोटं विमान प्रवासाच्या मधल्या दिवशी येतं. परतीच्या दिवशी सकाळी छोटं आणि दुपारी मोठं, असा घोळ करू नका. पहिलं लटकलं की दुसरं गेलंच. छोट्या विमानात वजन जास्त झालं, तर बॅगा मागे ठेवून पुढच्या फेरीने पाठवतात. औषधं, पोहण्याचे कपडे आणि एका दिवसाचे कपडे हातातल्या पिशवीत असू द्या.

सेंट लुशियाला दोन विमानतळ आहेत, हे बुकिंग करताना बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मोठी विमानं दक्षिण टोकाच्या ह्युअनोरा विमानतळावर उतरतात, बेटाबेटांमधली छोटी विमानं अनेकदा उत्तरेला कॅस्ट्रीझजवळच्या विजी विमानतळावर. हॉटेल उत्तरेला रॉडनी बेला असेल तर विजी जवळ पडतं. ह्युअनोराहून तिथवर दीड तास लागतो. पिटन डोंगरांजवळ, सूफ्रिएरच्या बाजूला राहणार असाल तर ह्युअनोरा बरं.

तिथल्या डोंगरउतारावरच्या एक-दोन नामांकित हॉटेलांत खोलीला चौथी भिंतच नसते. पलंगावरून थेट पिटन दिसतात. दृश्य खरोखर तसं आहे, पण बहुतेक खोल्यांत वातानुकूलन नाही, रात्री बेडूक कर्कश ओरडतात आणि मच्छरदाणी लावून झोपावं लागतं. ज्यांना गार, बंद खोलीशिवाय झोप येत नाही, त्यांनी अशा खोलीत एखादी दुपार घालवावी आणि मुक्काम दुसरीकडे करावा.

प्रश्न : दोन हॉटेलं सारख्याच ताऱ्यांची, दोन्ही ‘बीचफ्रंट’. एकाचं भाडं दुसऱ्याच्या निम्मं. फसवणूक तर नाही ना?

उत्तर : फसवणूक नसते, बाजू वेगळी असते. या भागात जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून, ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात. पूर्व किनाऱ्यावर अटलांटिकच्या लाटा थेट आपटतात. बार्बेडोसच्या बाथशिबाला लोक सर्फिंगला आणि लाटा बघायला जातात. पाण्याला आत ओढणारा प्रवाह असल्यामुळे तिथे पोहत नाहीत. त्याच बेटाच्या पश्चिमेला, होलटाउनच्या बाजूला, पाणी तळ्यासारखं शांत. मधे बेट आडवं असल्याने वारा अडतो. महाग हॉटेलं तिकडे का, हे एवढ्यावरून कळेल.

दुसरं कारण सरगॅसम. हे तरंगतं तपकिरी समुद्रशैवाल २०११ पासून ढिगांनी किनाऱ्याला लागू लागलं. साधारण मार्च-एप्रिल ते ऑगस्ट हा त्याचा काळ, आणि मार पूर्वेच्या किनाऱ्यांना जास्त. वाळूवर पडून कुजलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. कुजक्या अंड्यांचा वास येतो, चांदीचे दागिने काळे पडतात, दमेकऱ्यांना त्रास होतो. साउथ फ्लोरिडा विद्यापीठ उपग्रहचित्रांवरून त्याचं मासिक पत्रक काढतं. मे-जूनचं बुकिंग असेल तर ते जरूर पाहा.

पश्चिम किनाराही बारा महिने शांत नसतो. डिसेंबर ते मार्च या काळात उत्तर अटलांटिकमधल्या वादळांच्या लांब लाटा दूरवरून येतात आणि उत्तर व वायव्येला तोंड असलेल्या किनाऱ्यांना झोडपतात. आभाळ निरभ्र, वारा नाही आणि तरी दोन-तीन दिवस पाण्यात उतरायला मनाई. कधी कधी वाळूही वाहून जाते. याला प्रवाळाची भिंत हा मोठा आधार. टर्क्स अँड केकोस बेटांवरच्या ग्रेस बे किनाऱ्याचं तोंड उत्तरेला असूनही पाणी शांत राहतं, कारण समोर खडकाची रांग आहे.

तेव्हा पैसे भरण्याआधी उपग्रहनकाशावर हॉटेल शोधा. समोर पांढऱ्या फेसाची रेघ किनाऱ्याला लागूनच दिसते की दूर समुद्रात, ते बघा. दूर असेल तर भिंत आहे. मग हॉटेलला ईमेल करून विचारा : किनाऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला, पाण्यात शिरताना पायाखाली वाळू की खडक, गेल्या वर्षी सरगॅसम कुठल्या महिन्यांत आलं आणि अडवायला तरंगता बांध आहे का, खोलीपासून वाळूपर्यंत पायऱ्या किती, आणि शेजारी बांधकाम चालू आहे का. पायऱ्यांचा प्रश्न ज्येष्ठांसोबत जाणाऱ्यांनी विसरू नये. उत्तर गोलमोल आलं तर दुसरं हॉटेल बघा.

प्रश्न : सप्टेंबरमध्ये तीच खोली अर्ध्या किमतीत मिळते आहे. घेऊ का? ग्रेनेडा दक्षिणेला असल्याने वादळापासून सुरक्षित आहे, असं एजंट म्हणतो.

उत्तर : एजंटला २००४ आणि २०२४ ची आठवण करून द्या. २००४ च्या सप्टेंबरमध्ये आयव्हन वादळाने ग्रेनेडा उद्ध्वस्त केलं, आणि १ जुलै २०२४ रोजी बेरिल वादळ त्याच देशाच्या कॅरिआकू बेटावर धडकलं. हंगाम अधिकृतपणे १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सर्वात धोक्याचा. त्या काळात जायचंच असेल तर व्हेनेझुएलाजवळची अरुबा, बोनेअर, क्युरासाव ही बेटं निवडा. वादळं तिथे क्वचितच पोचतात. मात्र ही कोरडी, निवडुंगाची बेटं आहेत. हिरवेगार डोंगर मनात असतील तर निराशा होईल.

विम्यातली मेख लक्षात ठेवा. वादळाला नाव मिळाल्यानंतर काढलेला विमा त्या वादळाचं नुकसान सहसा भरून देत नाही, म्हणून विमा बुकिंगच्याच दिवशी काढा. शिवाय सेंट बार्ट्स आणि अँग्विलातली बरीच उंची हॉटेलं आणि रेस्टॉरंटं ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत बंदच असतात. आमचं मत विचाराल तर एप्रिलचा उत्तरार्ध ते मेअखेर हा काळ पकडावा. दर उतरलेले, वादळं नाहीत. सरगॅसम असतं, पण बाजू नीट निवडली की फारसं आड येत नाही.

प्रश्न : सगळं समाविष्ट असलेलं रिसॉर्ट की स्वयंपाक्यासह व्हिला?

उत्तर : बार्बेडोस, अँग्विला, सेंट बार्ट्स इथे बाहेरचं जेवण हाच सुट्टीचा अर्धा आनंद आहे. तिथे सगळं समाविष्ट पॅकेज घेऊन रोज त्याच बुफेला बसणं म्हणजे पैसे देऊन स्वतःला कोंडून घेणं. सेंट लुशियासारख्या ठिकाणी, जिथे रात्री घाटातून जेवायला जावंसं वाटत नाही, तिथे नाश्ता आणि रात्रीचं जेवण घ्या, दुपार मोकळी ठेवा. पॅकेजात स्पा, इंजिनाच्या बोटीवरचे खेळ आणि चांगल्या वाइन बहुतेक वेळा धरलेल्या नसतात.

सहा-आठ जण असाल तर व्हिला परवडतो. पण जाहिरातीतला आकडा शेवटचा नसतो. उदाहरणादाखल आठवड्याचं भाडं १०,००० डॉलर धरा. कर आणि सेवाशुल्क मिळून २० टक्के लागले तर १२,००० झाले. किराणा आणि पेयं वेगळी, आणि बहुतेक माल बाहेरून येत असल्याने महाग. नोकरवर्गाची बक्षिसी त्यावर. स्वयंपाकी दिवसाला किती जेवणं करणार, आठवड्याची सुट्टी कुठल्या दिवशी, हे लेखी घ्या. सणासुदीच्या पंधरवड्यात, म्हणजे नाताळ ते नववर्ष, सात ते चौदा रात्रींची किमान अट असते.

प्रश्न : ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समध्ये आठवडाभर खलाशांसह कॅटामरान (दोन सांगाड्यांची बोट) भाड्याने घ्यायचं आहे. कशावर लक्ष ठेवावं?

उत्तर : दर ‘सर्वसमावेशक’ आहे की ‘खर्च वेगळा’, यावर. कॅटामरानमध्ये जेवण आणि पेयं सहसा धरलेली असतात. मोठ्या मोटरयॉटमध्ये मात्र भाड्याच्या सुमारे ३० टक्के रक्कम इंधन, अन्न आणि बंदरशुल्कासाठी आगाऊ घेतात. उरलेली परत मिळते. खलाशांची बक्षिसी १५ ते २० टक्के धरा.

डिसेंबर-जानेवारीत ‘ख्रिसमस विंड्स’ सुटतात, वारा २५ नॉट (ताशी सुमारे ४५ किलोमीटर) किंवा जास्त. पहिल्यांदाच बोटीवर राहणाऱ्यांनी मार्च-एप्रिल निवडावा. व्हर्जिन गॉर्डावरच्या द बाथ्स या प्रचंड शिळांच्या जागी सकाळी लवकर पोचा, कारण बोट बांधायचे बोये आधी येईल त्याला मिळतात. लाल झेंडा असेल तर उतरू नका. बॅगा मऊ कापडाच्या न्या. कडक सुटकेस ठेवायला बोटीवर जागा नसते.

प्रश्न : पैसे, कपडे, सनस्क्रीन?

उत्तर : मेन्यूवर नुसतं डॉलरचं चिन्ह असेल तर कुठला डॉलर ते विचारा. एका अमेरिकन डॉलरला २ बार्बेडोस डॉलर आणि २.७० पूर्व कॅरिबियन डॉलर मिळतात. सेंट बार्ट्सला युरो चालतो. बिलात १० ते १५ टक्के सेवाशुल्क आधीच लावलेलं असतं. ते न पाहता पुन्हा टिप देणारे बरेच. उंची रेस्टॉरंटांत रात्री पुरुषांना लांब पँट लागते. लष्करी छापाचे कपडे बार्बेडोस, सेंट लुशिया, अँटिग्वा, ग्रेनेडा आणि जमैकात नागरिकांना बेकायदा आहेत, लहान मुलांच्या टोप्यासुद्धा. अमेरिकन व्हर्जिन आयलंड्समध्ये ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट आणि ऑक्टोक्रिलीन असलेल्या सनस्क्रीनवर २०२० पासून बंदी आहे. झिंक ऑक्साइडचं घ्या, कुठेही चालतं.

अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं, तरी तिथल्या इमिग्रेशनमधून जावं लागतं. सेंट बार्ट्स फ्रान्सचं असलं तरी शेंगेन क्षेत्रात नाही, म्हणून व्हिसावर ते ठिकाण ग्राह्य आहे का ते तपासा.

प्रश्न : शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

उत्तर : नाही, पण नावांवर विसंबू नका. कलालू म्हणजे पालेभाजी, तरी त्यात बऱ्याचदा खेकडा किंवा खारवलेलं डुकराचं मांस असतं. जमैकाच्या प्रसिद्ध अ‍ॅकी या फळासोबत खारा मासा येतो. ‘आयटल’ अशी पाटी दिसली की निर्धास्त आत जा. ते रास्ताफारी या जमैकन धर्मपंथाच्या लोकांचं शाकाहारी जेवण, मीठ मात्र कमी किंवा अजिबात नसतं. त्रिनिदादला डबल्स खा : ‘बारा’ नावाची मऊ तळलेली पुरी आणि चण्याची उसळ.

प्रश्न : किनाऱ्यावरच्या झाडांना लाल पट्टे का मारलेले असतात?

उत्तर : ते मँचिनील. हिरवं फळ छोट्या सफरचंदासारखं दिसतं, वासही गोड, पण विषारी. तोंडात घातलं तर घसा सुजतो. चीक लागला तर कातडीला फोड येतात. पाऊस आला तर या झाडाखाली उभं राहू नका, कारण पानांवरून गळणारं पाणीही भाजतं. सगळ्याच झाडांना पट्टा असतो असं नाही. चीक लागलाच तर भरपूर पाण्याने आणि साबणाने धुवा, डोळे चोळू नका आणि डोळ्यांत गेला असेल तर तडक डॉक्टरकडे जा.