दोन तासांत एक्स्प्लोरेटोरियम होत नाही, आणि करूही नका

"सॅन फ्रान्सिस्कोचं एक्स्प्लोरेटोरियम दोन तासांत होईल का? मुलं तिथे खेळण्यापलीकडे काही शिकतात का?" कुणीतरी विचारलेलं हे वाचलं आणि राहवलं नाही. आम्ही गेलो तेव्हा माझ्या दादाने अगदी हेच विचारलं होतं.

विज्ञानाच्या या संग्रहालयात 600हून जास्त प्रयोग मांडलेत. दादाला सगळे उरकायचे होते. भाचा मात्र गाईच्या डोळ्यापाशी खिळला. केशरी जाकीट घातलेली एक मुलगी खराखुरा डोळा कापून दाखवत होती. आतलं भिंग काढून तिने छापील कागदावर ठेवलं, तर खालची अक्षरं मोठी दिसायला लागली. मग डोळ्याची आतली बाजू उलटून धरली: निळाहिरवा, शिंपल्यासारखा चकाकणारा पडदा. डोळ्यात शिरलेला उजेड हा पडदा परत फिरवतो, म्हणून रात्री गुरांचे डोळे चमकतात. भाचा म्हणाला, "आत्या, मग माझे का नाही चमकत?" माणसाला तो पडदा नसतोच. एवढं कळायला त्याला अर्धा तास लागला, आणि दादा मागून त्याचा खांदा ओढत होता, "चल, पुढचं राहील."

हे संग्रहालय काढलं फ्रँक ओपनहायमरांनी, अणुबॉम्बवाल्या रॉबर्टच्या धाकट्या भावाने. पूर्वी कम्युनिस्ट पक्षात होते म्हणून 1949 मध्ये त्यांची विद्यापीठातली नोकरी गेली. मग कोलोरॅडोत कित्येक वर्षं गुरं पाळली, तिथल्याच शाळेत शिकवलं. युरोपातली संग्रहालयं पाहून आल्यावर 1969 मध्ये हे सुरू केलं. वस्तू काचेआड नाहीत, हाताळायला आहेत. प्रयोग बनवायची कार्यशाळासुद्धा लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवली. 2013 पासून ते पियर 15 या बंदराच्या धक्क्यावर आहे.

दादा अजून म्हणतो, पाट्या वाचल्या नाहीत तर तो नुसता खेळ. लहानपणी मी गजराचं घड्याळ उघडलं तेव्हाही त्याचं हेच, "वाया घालवलंस." पण चावी दिली की आत काय आवळलं जातं, ते मला त्या दिवशी कळलं. पाटीवरून कधीच कळलं नसतं.

हो, डोळा कापणं दिवसभर चालू नसतं, गेल्या गेल्या वेळ विचारा. मूल रक्तामांसाला घाबरत असेल तर सोडून द्या. गुरुवारी संध्याकाळचा कार्यक्रम 18 वर्षांपुढच्यांचा असतो, तेव्हा मुलांना नेऊ नका.

आणि मूल एका जागी तासभर थांबलं तर थांबू द्या. दादाने त्या दिवशी किती प्रयोग पाहिले ते मोजून ठेवलं होतं. परवा मी विचारलं, त्यातला एकही त्याला सांगता आला नाही.