अमेरिकेत वणव्यांवरच्या रिसर्चला सरकारी फंडिंग कुठून मिळतं?

आधी जॉइंट फायर सायन्स प्रोग्रॅम बघा. 1998 ला सुरू झालाय, पैसा इंटिरियर डिपार्टमेंट (सरकारी जमिनी सांभाळणारं केंद्रीय खातं) आणि फॉरेस्ट सर्व्हिस (सरकारी वनखातं) दोघं मिळून देतात आणि विषय एकदम कामाचे असतात, म्हणजे रान विरळ करून मुद्दाम नियंत्रित आग लावली तर पुढचा वणवा खरंच आटोक्यात राहतो का, धूर कुठल्या गावाकडे जाईल, जळलेल्या उतारावर पहिल्या पावसात माती किती वाहून जाते वगैरे. मास्टर्स किंवा पीएचडी करत असाल तर त्यांची ग्रिन नावाची वेगळी ग्रँट आहे, ती सोडू नका. फक्त बजेटचा भरवसा नसतो, ट्रम्पच्या पहिल्या टर्ममध्ये हा प्रोग्रॅमच बंद करायचा प्रस्ताव होता, काँग्रेसने म्हणजे तिथल्या संसदेने वाचवला. आग विझवायला अब्जावधी डॉलर जातात आणि अभ्यासाला त्यातला कणभर, हे मला अजिबात पटत नाही.