नॉन-रिफंडेबल तिकीट होतं, पण फ्लाइट कंपनीनेच रद्द केली. पैसे परत मिळतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पोर्टलवरून पुणे–नागपूरचं सकाळचं तिकीट ३,४०० रुपयांना काढलं. आदल्या रात्री अकरा वाजता 'ऑपरेशनल कारणामुळे फ्लाइट रद्द' असा मेसेज आला. कॉल सेंटरवर सांगतात की हे प्रोमो फेअर आहे, नॉन-रिफंडेबल आहे, फार तर क्रेडिट शेल मिळेल (म्हणजे पैसे परत न देता पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा ठेवायचे).

मिळतील, आणि पूर्ण मिळतील. 'नॉन-रिफंडेबल' ही अट तुम्ही प्रवास रद्द केलात तर लागू होते. विमान त्यांनी रद्द केलं असेल तर तिकीट बाराशेचं की बारा हजारांचं याने काही फरक पडत नाही. पर्यायी विमान घ्यायचं की पैसे, हे तुम्ही ठरवायचं असतं, कॉल सेंटरने नाही.

म्हणून आधी एक काम करा, म्हणजे खरं तर करू नका. पोर्टलच्या ॲपमध्ये जाऊन स्वतः 'कॅन्सल' दाबू नका. मेसेज वाचून घाबरलेला माणूस पहिलं तेच करतो. मीही एकदा केलं होतं. रात्री बारा वाजता अर्धवट झोपेत बटण दाबलं आणि नोंद झाली 'प्रवाशाने रद्द केलं' अशी. तीन हजारांच्या तिकिटाचे सहाशे-सातशे रुपये हातात पडले, म्हणजे फक्त विमानतळ शुल्क आणि कर. (हे पैसे मात्र अगदी स्वस्तातल्या तिकिटावर, तुम्ही स्वतः रद्द केलं तरी, परत द्यावेच लागतात. बरेच जण मागतच नाहीत.) मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवा आणि तारीख-वेळ दिसेल असाच काढा.

क्रेडिट शेलबद्दल. डीजीसीएच्या, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक नियामकाच्या, परताव्याच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की पैसे शेलमध्ये ठेवायचे की नाही हा प्रवाशाचा अधिकार आहे, कंपनीने परस्पर तसं करायचं नाही. कोविडच्या लॉकडाऊनमध्ये याला तात्पुरता अपवाद झाला होता. सुप्रीम कोर्टाने १ ऑक्टोबर २०२० च्या निकालात अडचणीतल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२१ पर्यंत शेलची मुभा दिली होती. ती मुदत कधीच संपली, पण कॉल सेंटरच्या तोंडची सवय काही जात नाही. ॲपवर 'क्रेडिट शेल स्वीकारा' असं ठळक बटण असतं आणि रिफंडची ओळ खाली बारीक अक्षरात. ठळक बटणापासून बोट लांब ठेवा.

आता नुकसानभरपाई. रिफंड वेगळा, भरपाई वेगळी. आणि स्वस्त तिकीटवाल्यांची निराशा इथे होते. बातम्यांत आकडे येतात: प्रवासाचा वेळ तासाभराचा असेल तर ५,०००, दोन तासांपर्यंत ७,५००, त्याहून जास्त असेल तर १०,०००. पुढचे शब्द कोणी वाचत नाही: 'किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांपैकी जे कमी असेल ते'. पुणे–नागपूर साधारण दीड तास धरा, म्हणजे तुमचा टप्पा ७,५०० चा. पण तुमच्या ३,४०० मधून कर आणि विमानतळाची शुल्कं वजा केली की समजा २,५०० उरले, तर भरपाई २,५०० च. तरी सोडू नका. रिफंड धरून जवळपास सहा हजार होतात.

ही भरपाई तुम्हाला लागू होते का? मला वाटतं, होते. कंपनीने दोन आठवडे आधी कळवायला हवं, किंवा निदान २४ तास आधी कळवून पर्याय किंवा परतावा द्यायला हवा. रात्री अकराला कळवून सकाळचं विमान रद्द करणं यात बसत नाही. कंपनीची सुटका मुख्यतः एकाच वाटेने होते, ती म्हणजे कारण त्यांच्या हाताबाहेरचं असेल तर: खराब हवामान, पूर, दंगल, संप, सरकारी आदेश, एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रणाची) अडचण. 'ऑपरेशनल' हा शब्द या यादीत नाही. तो पोतडीसारखा आहे, आत काहीही असू शकतं. म्हणून नेमकं कारण लेखी मागा. ते 'हवामान' म्हणाले तर त्या सकाळी त्याच सुमारास पुण्याहून इतर कंपन्यांची विमानं उडाली का, हे फ्लाइट ट्रॅकिंगच्या साइटवर पाहून स्क्रीनशॉट जोडा. एका तक्रारीत मी हेच केलं. चार विमानं वेळेवर सुटलेली दिसत होती. दुसऱ्या दिवशी उत्तराचा सूरच बदलला.

आमच्या मावशीच्या बाबतीत मात्र भरपाई गेली ती आमच्याच चुकीने. कोपऱ्यावरच्या एजंटने तिकीट काढताना स्वतःचा मोबाइल नंबर टाकला होता. रद्द झाल्याचा मेसेज तीन दिवस आधी त्याच्या फोनवर पडला आणि मावशी पहाटे चार वाजता लोहगावला, डब्यात दशम्या घेऊन हजर. रिफंड मिळाला. पण बुकिंगच्या वेळी संपर्काची पुरेशी माहिती दिलेली नसेल तर भरपाई नाही, असं नियमातच आहे. तुमच्या बुकिंगवर कुणाचा नंबर आहे ते बघून घ्या.

पोर्टलवरून काढल्यामुळे आता टोलवाटोलवी होईल. पोर्टल म्हणेल 'कंपनीकडून आले नाहीत', कंपनी म्हणेल 'एजंटच्या वॉलेटला टाकले'. कंपनीला विचारा, कोणत्या तारखेला टाकले? तारीख ईमेलवर आली की ती पोर्टलला दाखवा. नियमाप्रमाणे एजंट हा कंपनीचाच प्रतिनिधी, त्यामुळे जबाबदारी शेवटी कंपनीवरच येते. थेट कंपनीच्या साइटवर क्रेडिट कार्डने काढलेल्या तिकिटाला सात दिवसांची मुदत आहे, पोर्टलच्या वाटेने जास्त लागतात. पोर्टलची कन्व्हिनिअन्स फी मला आजवर एकदाही परत मिळालेली नाही.

कंपनी दाद देत नसेल तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार, नाहीतर ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि तक्रार तुम्ही राहता तिथेच करता येते, तिकिटाखाली बारीक अक्षरात दुसऱ्या शहराच्या कोर्टाचं नाव असलं तरी. कंपनीच बुडाली तर गोष्ट वेगळी. गो फर्स्ट या कंपनीची विमानं मे २०२३ मध्ये थांबली तेव्हा प्रवासी देणेकऱ्यांच्या रांगेत गेले. तशा वेळी कार्डच्या बँकेकडे ताबडतोब चार्जबॅक मागायचा, म्हणजे कार्डवरून गेलेले पैसे बँकेमार्फत परत मागायचे.

तुमची केस तिथवर जाणार नाही. आज रात्रीच कंपनीला आणि पोर्टलला एकच ईमेल टाका: 'पीएनआर अमुक. फ्लाइट तुम्ही रद्द केली, सूचना विमान सुटायला २४ तासांहून कमी वेळ उरला असताना मिळाली. मला क्रेडिट शेल मान्य नाही. पूर्ण रक्कम मूळ खात्यात परत करा, नियमाप्रमाणे भरपाई द्या आणि रद्द होण्याचं नेमकं कारण लेखी कळवा.' खाली स्क्रीनशॉट जोडा. फोन करू नका, फोनवर बोललेलं नंतर सिद्ध करता येत नाही.