गडगडाट ऐकून कॅमेरा उचलू नका

प्रश्न : ताई, ऑगस्टमध्ये आम्ही दोघं अलास्काच्या क्रूझला जातोय. ग्लेशियर बेमधली मार्जरी हिमनदी समुद्रात कोसळताना टिपायची फार इच्छा आहे. मैत्रीण जाऊन आली, पण तिच्या सगळ्या फोटोंत नुसते तुषार! माझ्याकडे १००-४०० ची झूम लेन्स आहे. काय करू? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : मैत्रिणीने आवाज ऐकून कॅमेरा उचलला असणार. आवाज सेकंदाला जेमतेम ३३० मीटर जातो. जहाज कड्यापासून किलोमीटरभर दूर असेल, तर गडगडाट कानी येईपर्यंत तीन सेकंद उलटतात. चाळीस मीटरवरून निखळलेला तुकडा तोवर पाण्यात पडलेलाही असतो. म्हणून भिस्त डोळ्यांवर ठेवायची.

पण मार्जरीचं तोंड दीड किलोमीटरहून रुंद आणि पाण्यावर साधारण ७५ मीटर उंच. सगळीकडे बघायला गेलात तर काहीच हाती लागत नाही. एकच पट्टा निवडा. एकाच जागेवरून बारीक चुरा सुटत असेल, किंवा पायथा पाण्याने पोखरून वरचा भाग पुढे झुकला असेल, तर तिथेच रोखून बसा. गडद निळा भाग दिसला तर तिथून नुकताच कडा तुटलाय असं समजा. दाट बर्फ लाल प्रकाश शोषतो, निळा उरतो. आसपास कुरव (समुद्रपक्षी) घिरट्या घालत असतील तर त्यांना चौकटीत घ्याच, कड्याच्या आकाराचा अंदाज येतो. नाहीतर एवढा कडा फोटोत फ्रीजरमध्ये साचलेल्या बर्फासारखा दिसतो!

शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान, बर्स्ट (बटण दाबून धरलं की सलग फोटो) चालू, फोकस एकदा कड्यावर लावून मॅन्युअल, म्हणजे तो आपोआप हलणार नाही. झूम ४०० पर्यंत ताणू नका, खाली उसळणाऱ्या पाण्याला जागा हवी. पांढऱ्या बर्फाला कॅमेरा फसतो आणि फोटो करडा येतो, तेव्हा एक्स्पोजर (फोटोतला उजेड) अर्धा-एक स्टॉप, म्हणजे पायरी, वाढवा.

सराव इथेच करा. जुलैत भरतीच्या वेळी वरळी सी-फेसला जा, कठड्यापासून चांगलं लांब उभं राहा, आणि लाट फुटायच्या आधी बटण दाबायची सवय लावा. सेल्फीवाल्यांच्या गर्दीत हे जमलं तर डेकवरही जमेल.

जादा बॅटरी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा, थंडीत ती लवकर उतरते. केबिनमध्ये शिरण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा, नाहीतर उबदार हवेत लेन्सवर बाष्प धरतं. आणि यजमानांना कॅमेऱ्यापुढे उभं राहू देऊ नका.